कानावरचं टेंगूळ

घरी आल्यावर खांद्यावरची पर्स उतरवायच्या आधी आरेती पोराच्या डोक्यावरून हात फिरवायची. पिरेअस बंदरात तिकिटांच्या खिडकीमागे बसून, बेटांवर निघालेल्या माणसांची बोलणी सकाळपासून ऐकून घेतल्यावर हाताला काहीतरी मऊ लागावं, एवढंच तिचं मागणं असे. त्या दुपारीही तिने तेच केलं. फोतिस आजीच्या रुंद पलंगावर कुशीवर झोपला होता. झडपा ओढलेल्या होत्या, फटींतून आलेलं ऊन चादरीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलं होतं, आणि टेबलफॅन एकदा पोराकडे, एकदा भिंतीवरच्या संतांच्या तसबिरीकडे मान वळवत होता. तिचा हात कपाळावरून मागे गेला, कुरळ्या केसांत शिरला आणि उजव्या कानाच्या वर थबकला. तिथलं डोकं तिच्या ओळखीचं नव्हतं. तिथे काहीतरी पसरट फुगलेलं होतं, अति पिकलेल्या अंजिरासारखं बोटाखाली दबणारं, आणि आसपासचे केस तेलकट होते.

तिने हात काढून घेतला. मग दुसऱ्या कानावर ठेवून पाहिला. तिथे नेहमीचं टणक, गोल, स्वतःचं असं डोकं होतं. पुन्हा उजवीकडे. पुन्हा तेच. आपलं बोट तिथे नको तितकं खाली जातंय असं तिला वाटलं. दाराशी खुर्ची टाकून सासूबाई बसल्या होत्या. ख्रिसांथी. काळा झगा, काळे मोजे, आठ-दहा वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याचं सुतक अजून अंगावर वागवणारी बाई. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?" आरेती कुजबुजली.

"कशाचं काय?"

"डोक्याला. टेंगूळ आहे."

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

"कुठे पडला?"

"पडला-बिडला काही नाही. दृष्ट लागली होती. काढली मी."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, हे आरेतीला माहीत होतं. तिचं सगळं माहेर त्यासाठी प्रसिद्ध होतं. पण ती आग मस्तकात गेल्यावर तोंडातून बाहेर पडायची तिकडे पद्धत होती. इथे दुपार होती. दुपारच्या जेवणापासून ऊन उतरेपर्यंत या गल्लीत कोणी खिळा ठोकत नाही, खुर्ची सरकवत नाही, भांडतसुद्धा नाही. भांडण असेल तर संध्याकाळपर्यंत झाकून ठेवतात. लग्न होऊन या घरात आल्यावर तिला पहिली गोष्ट शिकवली गेली ती चपला हातात घेऊन कसं चालायचं ही. तेव्हा तिला त्याचं हसू आलं होतं. आता सगळ्या शिव्या दातांमागे रांग लावून उभ्या होत्या आणि तिला त्या वाफेसारख्या, आवाज न करता सोडायच्या होत्या. दाबलेल्या आवाजात माणूस किती दुष्ट वाटतो, हे तिला स्वतःच्याच आवाजावरून कळत होतं.

"दृष्टीने टेंगूळ येतं? अं? दृष्टीने?"

"अगं, ती खालची वेरोनिकी. निळ्या डोळ्यांची. लिफ्टमध्ये म्हणाली, काय देखणं पोर, काय ते कुरळे केस. आणि दृष्ट लागू नये म्हणून थुंकलीसुद्धा नाही मेली! वर आलो तर हा जांभयांवर जांभया द्यायला लागला. मान टाकली. पावाचा तुकडा तोंडात घेईना. दूध दिलं ते ओकला. मी वाटीत पाणी घेतलं, तेल सोडलं, तर एक थेंब धड राहील तर शपथ, सगळं पसरलं, म्हणजे दृष्टच. मंत्र म्हणताना मला इतक्या जांभया आल्या की जबडा निखळतो की काय. डोळ्यांतून पाणी. एवढी जबर होती! मग त्याच्या डोक्याला तेच तेल लावलं. बघ आता कसा शांत झोपलाय."

शांत झोपलाय. आरेतीला ते दोन शब्द कानफटात मारल्यासारखे लागले. पोराच्या बनियनला आत दृष्टीचा निळा मणी टाचलेला होता, आणि तो सासूने नव्हे, तिने स्वतः टाचला होता. तिचीही दृष्ट किती वेळा काढली होती: परीक्षेच्या दिवशी, साखरपुड्यानंतर, बाळंतपणात. डोकं जड व्हायचं, मळमळायचं, जांभया आवरायच्या नाहीत. मग कुणीतरी वाटीत तेल सोडायचं आणि खरंच बरं वाटायचं. त्यामुळे सासूला ती हसू शकत नव्हती, तिला तो अधिकार नव्हता. जांभया, गळून जाणं, ओकारी, झोप. या गल्लीतल्या कुठल्याही बाईला झोपेतून उठवून विचारा, या सगळ्याला ती एकच नाव सांगेल. आणि तीच सगळी लक्षणं डोक्याच्या आत काहीतरी बिघडलं की दिसतात, हेही आरेतीने कुठेतरी ऐकलं होतं. कुठे, ते आठवत नव्हतं. एकसारखे अंगरखे घालून दोन माणसं येतात, आणि बाई नेहमीच्या माणसाला दार उघडते.

"किती वेळा ओकला?"

"एकदा. म्हणजे... दुपारी सूप दिलं तेही थोडं आलं बाहेर."

"म्हणजे दोनदा."

"थोडंच आलं गं."

"आई, तो पडला का? एवढंच सांगा. हो की नाही."

"नाही म्हटलं ना!" म्हातारी फिसकारली, आणि लगेच तिने पोराकडे पाहिलं. आरेतीने ते पाहणं पाहिलं. त्यात भीती होती. स्वतःला वाचवणाऱ्या माणसाची नव्हे, दुसऱ्या कुणाच्या मागे उभं राहून डोकावणाऱ्या माणसाची. पण त्या क्षणी तिला त्याचा अर्थ लावायचा नव्हता, तिला गळा धरायचा होता.

एप्रिलमध्ये पोराने कॉफीच्या भांड्याला हात लावला होता. बोटाच्या टोकाला फोड आला, वाटाण्याएवढा. तेव्हा संध्याकाळ होती, ओरडायला मोकळीक होती, आणि आरेती ओरडली होती. पुन्हा असं काही झालं, तर याला पाळणाघरात परक्या बाईकडे ठेवीन, मग तुम्ही नातवाचं तोंड सणावारी बघा, असं ती म्हणाली होती. खरं तर पाळणाघरात सप्टेंबरपर्यंत जागाच नव्हती, आणि हे दोघींनाही माहीत होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या घरात कोणी कधी काही बोलत नसे. तिच्या माहेरी बाप ताट भिंतीवर फेकायचा आणि पंधरा मिनिटांनी त्याच भिंतीजवळ बसून टरबूज कापायचा, सगळे खायचे. इथे राग लोणच्यासारखा बरणीत घालून ठेवत. त्या रात्री ख्रिसांथी जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरेती निघाली तेव्हा पोराला कडेवर घेऊन दारात उभी होती, नेहमीसारखी, "आमच्या धन्याला टाटा कर" म्हणत. धनी म्हणजे फोतिस. आजोबांचं नाव ठेवलं होतं ना. आरेतीला तिच्या बापाचं नाव हवं होतं; पण पहिला मुलगा, पद्धत ठरलेली. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याने नाव पुकारलं तेव्हा ख्रिसांथी इतकी हुंदके देऊन रडली, की मेलेला नवराच कुणीतरी तिच्या हातात आणून दिला असं वाटावं. तेव्हापासून पोराची अर्धी मालकी त्या बाईकडे गेली, आणि आरेतीकडे उरलं ते कामावर जाणं.

तिने स्वयंपाकघरात जाऊन मिनासला फोन लावला. मिनास बोटीवर विजेचं काम बघायचा. त्या वेळी तो सिरोस बेटाच्या वाटेवर कुठेतरी, इंजिनांच्या आवाजात होता.

"फोतिसच्या डोक्याला टेंगूळ आहे. मोठं आहे. तुझी आई म्हणते, दृष्ट लागली."

पलीकडे कुणीच नसल्यासारखं झालं. समुद्रावर आवाज असाच तुटतो.

"मिनास?"

"ऐकतोय. झोपलाय का तो?"

"झोपलाय. दोनदा ओकलाय. पडला का विचारलं तर नाही म्हणते."

"मग नसेल पडला. मुलं आपटतात गं कुठेतरी. तू उगाच आईला धारेवर धरू नकोस. म्हातारी आहे ती."

"म्हातारी आहे म्हणून डोकं फुटत नाही का पोराचं?"

"झालं सुरू," मिनास म्हणाला. "आरेती, हळू. लोक झोपलेत तिथे."

बोटीवरून, समुद्राच्या मध्यातून, तो तिला इमारतीतल्या दुपारची आठवण करून देत होता. तिने फोन कापला. ओट्यावर तांदूळ भरून भाजलेल्या टोमॅटोंचं ताट झाकून ठेवलं होतं. तिच्या वाट्याचं, दोन टोमॅटो, एक ढोबळी मिरची, वर काट्याचमच्यासह. तिला ते ताट भिंतीवर फेकावंसं वाटलं आणि त्याच वेळी कडकडून भूक लागली. भूक लागल्याचीही तिला चीड आली. तिने पोराच्या डॉक्टरांना फोन लावला. दुपारचं झोपेतून उठवलं की डॉक्टर स्पानोस खेकसायचे, पण उठायचे.

"कुठे आहे सूज? कपाळावर?"

"नाही. कानाच्या वर. उजव्या."

"कडक की पिचपिचीत?"

"पिचपिचीत."

स्पानोसांचा आवाज पार जागा झाला. मग एकामागून एक प्रश्न आले. कधी पडला, कुठून, किती उंचीवरून. खाली काय होतं, सतरंजी की फरशी. लगेच रडला की थोडा वेळ गप्प होता. शुद्ध हरपली होती का. ओकला तेव्हा नुसतं दूध आलं की जोरात फेकल्यासारखं. उठून चालला का, तोल जात होता का. कानातून, नाकातून पाण्यासारखं काही आलं का. प्रत्येक प्रश्नावर आरेती "माहीत नाही" म्हणत होती आणि प्रत्येक "माहीत नाही" बरोबर तिच्या अंगाला लाज आणि संताप एकदमच डसत होते. तिकिटांच्या खिडकीत तिला सगळं माहीत असे: कुठली बोट कुठल्या धक्क्यावरून, वारा सुटला तर कुठली रद्द. आणि स्वतःच्या पोराचा एक अख्खा दिवस तिला माहीत नव्हता. तो दिवस शेजारच्या खोलीत, काळ्या झग्याच्या आत, तोंड मिटून बसला होता.

"उठवा त्याला," स्पानोस म्हणाले. "झोपणं वाईट नाही, दुपारची झोप आहेच त्याची. पण उठवून बघा. तुम्हाला ओळखतो का, हात झिडकारतो का. चिडला, रडला, लाथा घातल्या तर बरंच. बाहुल्या बघा डोळ्यांच्या, दोन्ही सारख्या आहेत ना. आणि नाही नीट उठला तर मला परत फोन करत बसू नका, सरळ इस्पितळ. तिथे पहिलं हेच विचारतील, किती उंचीवरून आणि रडला कधी. हे सांगता आलं नाही, तर रांगेत बसवतील."

चिडला तर बरंच. आरेती धावत खोलीत आली. फोतिसला झोपेतून उठवणं म्हणजे काय, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. तो तिच्या बापावर गेला होता. अर्धवट झोपेत उठवलं की निळा-लाल व्हायचा, जे हाताला लागेल ते फेकायचा, आईचे केस ओढायचा, आणि ख्रिसांथी कौतुकाने म्हणायची, आजोबा असे नव्हते हो, हे कुठून आलं कोण जाणे. आरेतीला ते कुठून आलं हे नीट माहीत होतं, आणि मनातून तिला त्याचा अभिमान होता.

"उठवू नकोस!" म्हातारी उभी राहिली. "दृष्ट काढल्यावर झोपू द्यायचं असतं."

आरेतीने तिला खांद्याने बाजूला सारलं. पोराला उचलून बसतं केलं. त्याचं डोकं तिच्या दंडावर कललं. "फोतिस. फोतिस, आई आली. ऊठ रे राजा. ऊठ, मेल्या, ऊठ." तिने त्याचे गाल थोपटले, तळवे चोळले, पायाला चिमटा काढला. त्याने डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, की तिच्या मागच्या पंख्याकडे, ते कळलं नाही. ओठ जरा हलले. ती वाट बघत राहिली, आता तोंड उघडेल, आता लाल होईल, आता माझे केस हातात धरून ओढेल. तिने आपले केस मुद्दाम त्याच्या हाताशी नेले. त्याची बोटं केसांवर पडली आणि तशीच राहिली. त्याला राग आला नाही. त्याने एक लांब जांभई दिली आणि डोळे मिटले.

मग आरेती ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर आठवलं नाही. शब्द नसावेत त्यात. झडपांच्या काड्यांमधून, मागच्या डक्टमधून, वर-खाली, सगळ्या झोपलेल्या मजल्यांवरून तो आवाज गेला, आणि दोन क्षण काहीच झालं नाही. मग खालची एक खिडकी खाडकन उघडली.

"अहो ख्रिसांथीबाई! माणसं राहतात की गुरं?" वेरोनिकी होती. "सकाळी तो एवढा धडाका, माझ्या दिव्याची काच हलली, आता ही किंकाळी! दुपारचं तरी जगू द्या की लोकांना!"

सकाळी धडाका. आरेतीने पोराला खांद्यावर घेतलं आणि सासूकडे वळली. म्हातारीने दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली होती. तिच्या तोंडाचा रंग उडाला होता, आणि तरी ती म्हणाली, "पातेलं पडलं होतं."

"आई," आरेती म्हणाली. आता तिचा आवाज दबलेलाही नव्हता आणि मोठाही नव्हता, आणि तो तिचा स्वतःचाच आहे का, याची तिला खात्री नव्हती. "पातेलं ओकत नाही. मी याला घेऊन इस्पितळात चालले आहे. तिथे मला विचारतील आणि मला सांगता येणार नाही. तुम्ही चला, नाहीतर तुम्ही इथे बसून तेल सोडत राहा. पण नाही आलात आणि याला काही झालं, तर तुमच्या धन्याला दुसऱ्यांदा पुरलंत असं समजा."

असं बोलू नये. बोलता बोलता तिला कळलं, की असं कुणीच कुणाला बोलू नये. पण ते बोलून झालं होतं, आणि ख्रिसांथी चपला न घालता, घरातल्या सपातांवर, तिच्या मागून जिना उतरत होती. लिफ्टची वाट बघायला दोघींनाही धीर नव्हता. खाली रस्त्यावर ऊन पांढरंफटक, दुकानं बंद, कुत्री गाड्यांखाली. बंदराच्या बाजूने एक टॅक्सी आली ती मिळाली. आरेती मागे बसली, पोर मांडीवर, तोंड आपल्याकडे, आणि त्याच्या डोळ्यांवरची पापणी अंगठ्याने वर करून बाहुल्या बघू लागली. एकीकडे ऊन होतं, एकीकडे सावली. सारख्या आहेत की नाहीत, ते तिला ठरवता येईना. ती सारखी त्याचं तोंड वळवून पाहत होती, आणि प्रत्येक वेळी वेगळंच दिसत होतं.

"ओट्यावर बसवला होता," शेजारून आवाज आला. म्हातारी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बोलत होती. "टोमॅटो धुवायला त्याला आवडतं. रोज बसवते. एक हात त्याच्यावर असतोच माझा. फोन वाजला. मी वळले, फोन उचलला, आणि मागे धप्प झालं."

"खाली काय होतं?"

"फरशी."

"लगेच रडला?"

टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"लगेच रडला का, विचारते मी!"

"नाही. मी उचलला. मान अशी. डोळे वर. मी हाक मारली, फोतिस. पुन्हा मारली. पुन्हा मारली. मग रडला. मग खूप रडला गं, मी म्हटलं, रडतोय म्हणजे बरा आहे. मग जांभया द्यायला लागला. मला खरंच वाटलं, आरेती. आधी पडला म्हणून वाटलं, मग तेल पसरलं तेव्हा मला वाटलं, नाही, दृष्टच. म्हणूनच पडला असेल. दृष्ट लागली म्हणून पडला. असं वाटलं मला."

असं मानताना तिला किती हलकं वाटलं असेल. आरेती सात वर्षांची असताना शेजाऱ्याच्या कुंपणावरून पडली होती, गुडघा फाटला होता, आणि ती लांब मोजा चढवून तसाच रक्ताने चिकटलेला पाय घेऊन जेवायला बसली होती, कारण तिची आई पडलेल्या पोराला आधी एक ठेवून द्यायची आणि मग जवळ घ्यायची. ते तिला आत्ताच का आठवावं? तिने ते झटकून टाकलं. ती सात वर्षांची होती. ही बाई सत्तरीची आहे. तिला शेजारी बसलेल्या बाईची कीव करायची नव्हती. कीव केली असती, तर हातापायांतला जोर गेला असता आणि पोराला उचलायला तो लागणार होता.

"मला फोन का नाही केलात?"

ख्रिसांथीने मांडीवरचा काळा कपडा चिमटीत धरला.

"तो फोन मिनासचाच होता," ती म्हणाली. "त्याने आवाज ऐकला. माझ्या हाकाही ऐकल्या. मग म्हणाला, रडतोय ना आता, मग झालं. आरेतीला सांगू नकोस, ती घर डोक्यावर घेईल."

टॅक्सी सिग्नलला थांबली. पुढे रस्ता मोकळा होता, कुणीही नव्हतं, तरी तो माणूस लाल दिव्याला थांबला होता. आरेतीला तो दिवा, तो माणूस, तो रिकामा चौक सगळं फोडून टाकावंसं वाटलं. मघाशी फोनवर कुणीच नसल्यासारखं झालं होतं, आणि तिने त्याचा दोष समुद्राला दिला होता. मिनास तिथेच होता. तो सकाळीही तिथेच होता, कानाला फोन लावून, स्वतःच्या पोराचं गप्प राहणं ऐकत. आणि त्याला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली, तर बायकोच्या आवाजाची. डोक्याच्या आत काय फुटलं असेल याची नाही. दोघांनी मिळून, मायलेकांनी, तिला एखाद्या हवामानासारखं बाजूला ठेवलं होतं: आज वादळ नको, आज बोट सोडू नका. तिला रडू आलं आणि तिने ते गिळलं. आपण आता रडलो तर ही बाई आपल्याला जवळ घेईल, या विचाराने ती ताठ बसून राहिली.

"सिग्नल तोडा," ती टॅक्सीवाल्याला म्हणाली. "दंड मी भरेन."

"ताई, पोराला काय झालंय?"

"डोकं आपटलंय."

त्याने सिग्नल तोडला.

मुलांच्या इस्पितळात दुपारची शांतता नव्हती. तिथे रडण्याचा नुसता बाजार भरला होता. खिडकीमागची परिचारिका मान वर न करता म्हणाली, बसा, नाव पुकारू. आरेती तोंड उघडणार एवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. सपाता घातलेली, घामाने चिंब, काळ्या कपड्यांतली बाई खिडकीच्या काचेला जवळजवळ नाक लावून म्हणाली, "ओट्यावरून पडला, माझ्या कमरेएवढ्या. फरशीवर. तीन हाका मारल्या तरी रडला नाही. दोनदा ओकला. कानाच्या वर सूज आहे, मऊ. आणि उठवलं तर चिडत नाही. हा चिडतो, बाई. हा फार चिडतो." परिचारिकेने मान वर केली. पुढच्या क्षणी कुणीतरी पोराला आरेतीच्या हातांतून घेतलं आणि एक दार उघडून मिटलं.

मग वाट बघणं. आरेतीच्या हातांना वजन नव्हतं आणि ते कुठे ठेवायचे ते तिला कळत नव्हतं. शेजारच्या बाकावर एक बाप मुलीला फुगवलेल्या हातमोज्याने हसवत होता. मिनासचा फोन येत राहिला. तिने तो पालथा करून मांडीवर ठेवला, आणि तो तिथे थरथरत राहिला. सासूबाई दोन जागा सोडून बसल्या होत्या. त्या मंत्र म्हणत नव्हत्या, छातीवर क्रूसही काढत नव्हत्या, त्या नुसत्या त्या दाराकडे बघत होत्या. त्यांच्या एका सपातेतून अंगठा बाहेर आला होता. हे सगळं आरेतीला दिसत होतं आणि यातल्या एकाही गोष्टीबद्दल तिला काही वाटत नव्हतं. जे काही वाटायचं होतं ते दाराच्या पलीकडे गेलं होतं. हे पोर गेलं तर मी या बाईला आयुष्यभर ओरडून सांगेन, आणि मिनासला सांगेन, आणि मग सांगण्यासारखं कुणी उरणार नाही, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात गोल फिरत होता, आणि प्रत्येक फेरीला त्याची धार थोडी जात होती.

दाराच्या आतून किंकाळी आली. लांब, चिरकी, संतापाने फाटलेली, तिच्या बापाची किंकाळी. मागोमाग काहीतरी धातूचं खाली पडल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी म्हणालं, "अरे, अरे, लाथ मारतोय!" आरेती उठून उभी राहिली.

डॉक्टरीणबाई तरुण होती, डोळ्यांखाली काळं. तिने सांगितलं: हाडाला बारीक चीर आहे, आत रक्त नाही. सूज थोडी आहे, म्हणून गुंगी. सलाईन लावताना चांगला जागा झाला. आजची रात्र इथे ठेवू, उद्या सोडू. "पण घरी गेल्यावर काही दिवस लक्ष ठेवावं लागेल," ती आरेतीकडे बघून म्हणाली.

"मला सांगू नका," आरेती म्हणाली. "यांना सांगा. मी आठवड्याने कामावर जाणार. घरी याच असतात."

डॉक्टरीणबाई वळली. ख्रिसांथी उभी राहिली, पदर नव्हता तरी काहीतरी सावरल्यासारखं करत. डॉक्टरीणबाईने कशावर लक्ष ठेवायचं ते सांगितलं: पुन्हा ओकला, हाक मारून जागा होईना, नेहमीपेक्षा जास्त झोपू लागला किंवा रडणं थांबेना, चालताना झोकांड्या गेल्या, एक हात कमी वापरू लागला, झटका आला, कानानाकातून पाणी आलं, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या. म्हातारी प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती आणि ओठांनी ती पुन्हा म्हणत होती. सगळं संपल्यावर तिने विचारलं, "आणि झोपू द्यायचं?"

"झोपू द्या. पण मधून मधून उठवून बघा. चिडला पाहिजे."

"चिडला पाहिजे," ख्रिसांथी म्हणाली. डॉक्टरीणबाई जायला निघाली तशी तिने तिच्या पांढऱ्या कोटाची बाही धरली. "आणि यातलं काही दिसलं, तर आधी हिला फोन करू, की आधी इकडे आणू?"

"आधी इकडे आणा, आजी. वाटेत फोन करा."

डॉक्टरीणबाई गेली. दोघी दाराशी उभ्या राहिल्या. आतून पोराचं रडणं हळूहळू उतरत, हुंदक्यांवर येत होतं. आरेतीच्या हातातला फोन पुन्हा थरथरू लागला आणि थांबला. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"तू ओरडशील," त्या म्हणाल्या. "मी फोन केला की तू ओरडशील."

आरेतीने ओठांवर आलेलं गोड वाक्य बाजूला सारलं. ते खोटं झालं असतं, आणि खोटं आजच्या दिवसात खूप झालं होतं.

"ओरडेन," ती म्हणाली. "फोन फुटेल इतकं ओरडेन. तुम्ही सांगून होईपर्यंत ऐकेन, आणि मग ओरडेन. पण सांगायचं."